'खुशाली' द्यायची असते का विचारायची?

वाळवा तालुक्यातला आहे, ऊस हाच धंदा. पुण्याला शिकणारी पोरगी परवा घरी आलेली, दारात ऊसतोड टोळीच्या मुकादमाबरोबर माझी घासाघीस चाललेली ऐकून म्हणाली, पप्पा खुशाली विचारतात ना, देतात कुठं? खरंय की. पत्रात आपण 'खुशाली कळवा' लिहायचो आणि शिवारात खुशाली म्हणजे तोडीला टोळीनं मागितलेले एकरी वरचे पैसे. ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरची 'एन्ट्री' आणि वेगळी, ती खेपेला. हा शब्द इकडं घसरला कसा, कुणाला ठाऊक आहे का?

मिरज : मूळ फारसी खुशहाल, म्हणजे बरे हाल असलेला, त्यावरनं खुशाल आणि खुशाली. पुढं 'खुश होऊन दिलेलं' असा अर्थ आपल्या लोकांनी घुसडला असावा, दिवाळीच्या पोस्तीसारखा. फक्त पोस्त काम झाल्यावर देतात आणि खुशाली उसाला कोयता लागायच्या आधी. मग खुशी नेमकी कुणाची म्हणायची ओ?

तासगाव : दस्तुरीचं, म्हणजे व्यवहारातल्या कमिशनचं, पण तेच बघा. दस्तूर म्हणजे रिवाज, आणि रिवाजच म्हटल्यावर घेणाऱ्याला लाज कसली. चहापाणी, चिरीमिरी, वरकमाई सगळं चालतं, 'लाच' तेवढा शब्द कुणी तोंडातनं काढत नाही. अल्बर्ट बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी हेच मांडलंय की वाईट कामाला गोड नाव दिलं की चांगल्या माणसाला पण ते करताना टोचत नाही.

कराड : बँकेत 22 वर्षं काढली, आमच्यात असला शब्द म्हणजे 'क्रॉस सेलिंग'. कर्जाला आलेल्या माणसाच्या गळ्यात विमा मारायचा आणि संध्याकाळी वरनं फोन, आज किती झाले. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेचं 2016 ला बाहेर आलं, गिऱ्हाइकाला न विचारता लाखो खाती उघडलेली, 18.5 कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे 5,300 जणांना काढलं. एवढी माणसं काय नोकरीला लागतानाच लबाड होती होय? टार्गेट वरनं होतं, नोकरी गेली पहिली खालच्यांची.

मिरज : नीती आणि नेता एकाच 'नी' धातूतले, आपलं 'नेणे' पण त्यातलंच. वरचा नेईल तिकडं खालचे, हे शब्दातच आहे की.

वाळवा : मिरजकर, तुमच्या त्या नेण्यावरनं आठवलं. साखर कारखान्याच्या आमच्या गटात एक चिटबॉय आहे, तोडीची चिठ्ठी तोच देतो. एका हंगामाला नवीन शेती अधिकारी आले, त्यांनी लागणीच्या तारखेप्रमाणं पाळीची यादी गट ऑफिसच्या भिंतीला डकवली, कुणीबी वाचावी. त्या वर्षी हाच गडी चहा पाजला तरी 'नको काका' म्हणायचा. पुढच्या वर्षी साहेबांची बदली, यादी निघाली, आणि गड्याचा फोन लागंना झाला. आता आडसाली उसाला सोळा-अठरा महिने झालेले, तुरा आलाय, वजन रोज घटतंय, मागं गव्हाची पेरणी खोळंबलेली, अशा वेळी शेतकरी स्वतःच खिशात हात घालतो. म्हणजे मीच घातला, उगं दुसऱ्याला कशाला नावं ठेवू. टोळीवाल्यांना तर मी फार बोलत नाही, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांच्या हातात काय राहतं ते दिसतं डोळ्याला. पण आमचा चिटबॉय पगारी माणूस, आणि माणूस तोच होता ओ दोन्ही वर्षी, फक्त भिंतीवरचा कागद गेला.

तासगाव : मग यंदा दिली का खुशाली?

वाळवा : दिली की. आता रोख कुणी घेत नाही, मोबाईलवर पाठवा म्हणतात. ड्रायव्हरला एन्ट्रीचे पैसे पाठवताना, ती पण खुशालीच की, खाली कशासाठी ते लिहायची जागा येते तिथं मी सरळ 'खुशाली' टाईप करत होतो, तर त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, काका ते नको, 'डिझेल' लिवा.