गावात येऊन काजूवर घासाघीस करणाऱ्यांनो, जरा इकडे बघा

काजूबोंड (मालवण):
दर मे महिन्यात तेच. मुंबईवाले येतात, सालीचे काजू हातात घेऊन बघतात, रेट ऐकला की "ऑनलाइन स्वस्त मिळतात हो" म्हणून पिशवी परत ठेवतात आणि तेच दुपारी तारकर्लीला स्कुबावर न बोलता हजारो देतात. आता हिशोब ऐका. किलोभर गराला चारेक किलो बी लागते, बी १२० रुपये किलो धरली तरी ४८० तिथेच गेले, मग ती वाफवा, वाळवा, एकेक बी कटरमध्ये धरून फोडा, टरफलातल्या चिकाने बायकांच्या बोटांची सालं निघतात, मग भट्टी, मग सोलणं, निवडणं, त्यात तुकडा-पाकळी निघते ती कमी भावात जाते आणि तो तोटा अख्ख्या काजूवरच चढवावा लागतो. मोठे कारखाने आफ्रिकेतून कंटेनर भरून बी आणतात, त्यांच्या रेटला वाडीतला चार बायकांचा कारखाना कसा पुरा पडणार? गावात आलात तर गावचंच घ्या आणि सांगितलेला रेट द्या, एवढंच म्हणणं.

चाकरमानी_परळ:
गेल्या वर्षी दिला की सांगितलेला रेट. "घरचेच आहेत" विकणारा म्हणाला. घरी पाकीट फोडलं तर वर अख्खे, खाली तुकडे. बिल नाही, पाकिटावर नाव नाही, फोन नंबर नाही, भांडू कोणाशी? गाववाला म्हणून एकदा घेतो माणूस, दरवर्षी नाही.

घावनेखाऊ:
अरे मेल्या, तो हायवेवरचो दुकानदार आसतलो, कारखानेवालो न्हय. दोघांका एकाच माळेत कित्याक ओवतंस?

चाकरमानी_परळ:
गाडीतून उतरणाऱ्याला ते कळणार कसं रे? फूड सेफ्टीची नोंदणी छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपयांत होते, तेवढा नंबर तरी छापा.

बागायतदार_वेंगुर्ला:
मी बी पिकवतो, माझं पण ऐका. हे जे "स्थानिक कारखानदार" म्हणून गळे काढतायत ना, त्यातलेच काही जण सीझनला आमची बी भाव पाडून मागतात, आफ्रिकेची स्वस्त पडते तर तुझी कशाला घेऊ असं तोंडावर सांगतात, तीच फोडतात आणि पाकिटावर मात्र "अस्सल कोकणी काजू". वेंगुर्ला काजूला जीआय (त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा कायदेशीर हक्क) मिळालंय, पण नोंदणी केल्याशिवाय ते नाव लावता येत नाही, इथल्या किती कारखान्यांनी केलीय विचारून बघा. हापूसचं तेच, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसतो आणि पेटी भरणारे परके नसतात. मग गावचं घ्या म्हणजे नक्की कोणाचं घ्या?

काजूबोंड (मालवण):
@बागायतदार_वेंगुर्ला काही जण करतात, खोटं नाही बोलणार. पण सगळीच बी गावची घ्यायची तर सीझनलाच वर्षभराची भरून ठेवावी लागते, त्याला पैसा कुठनं आणायचा? पीएमएफएमईत (छोट्या खाद्य उद्योगांसाठीची केंद्राची योजना) ३५ टक्के सबसिडी आहे, ती कर्जाला जोडलेली, बँक तारण मागते आणि सातबारावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, सहीला कोण येतंय?

चाकरमानी_परळ:
सहीला बोलावलंत तर येऊ की. तलाठी ऑफिसात तुम्हीच नसता 😀

बागायतदार_वेंगुर्ला:
सातबारा आमचा पण सामाईकच आहे, म्हणून आम्ही दुसऱ्याच्या काजूवर आमचं नाव लावत नाही. पाकिटावर बी कुठची ते छापणार का, हो की नाही ते सांगा.