पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची

एम.टेक.च्या प्रबंधासाठी शोधनिबंध वाचताना दुसऱ्याच पानावर अडकायला होतं, असं तुम्ही लिहिलंय. माझंही तसंच व्हायचं. संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी २००७ साली मांडलेली, निबंध तीन फेऱ्यांत वाचायची पद्धत करून बघा. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटं: सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष, बास. दुसरी तासाभराची, आकृत्या आणि आलेख नीट बघत, सिद्धता सोडून. तिसरी मोजक्याच निबंधांसाठी. नवख्याला चार-पाच तास लागतात, पण सगळी मांडणी स्वतः पुन्हा उभी करताना लेखकाने न सांगता गृहीत धरलेलं लख्ख दिसतं.

आणि हो, दुसऱ्या फेरीनंतर लगेच चार ओळी मराठीत लिहून ठेवा. माझं पूर्वसंशोधनाचं प्रकरण त्या ओळींतूनच उभं राहिलं. लेटेकची (प्रबंधाची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरची) संदर्भांची फाइलही आजपासूनच सुरू करा.