कोळशाच्या बार्बेक्यूसाठी सळया, चिमटा कोणता घ्यावा?

प्रश्न: सळया, चिमटा, ब्रश असा टिकाऊ संच हवाय. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील चांगलं, हे खरं का?

प्रतिसाद: नाही. २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, पण त्यात निकेल कमी. मीठ-लिंबाने लवकर गंजतं. बिलावर ३०४ प्रतीचं स्टील असं लिहून घ्या. सळई चपटी किंवा चौकोनी घ्या. गोल सळई फिरवली तरी पनीर तसंच राहतं आणि एकच बाजू करपते.

प्रतिसाद: चिमटा ४० सेंमीचा, मूठ रिव्हेटने पक्की केलेली. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नका, तडकते.

प्रतिसाद: तारेचा ब्रश नकोच! तुटलेली तार जाळीला चिकटून घासात जाते. जाळी गरम असतानाच काट्याला अर्धा कांदा टोचून घासा.