मदत हवी आहे: दुधीचा केक मध्ये बसतो, तळाशी चिकट राहतो

गच्चीवरचा वेल:
वेलाला एकदम चार दुधी आलेत. भाजी म्हटली की पोरं (तिसरी आणि सहावी) ताट सरकवतात, म्हणून शाळेच्या डब्यासाठी केक करून बघतेय. दोन्ही वेळा ओव्हनमध्ये छान फुगला आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत मध्ये खड्डा. तळाचा बोटभर थर खरवसासारखा.

प्रमाण असं: गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, ज्वारीचं १०० ग्रॅम, गूळ पावडर १३० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, तेल ८० मिली, किसलेला दुधी ३०० ग्रॅम, दूध अर्धी वाटी, बेकिंग पावडर २ चहाचे चमचे, सोडा १ चमचा. सात इंची गोल टिन, ओटीजी २०० वर. वरून गडद दिसला म्हणून २५ मिनिटांत काढला. अंडं चालत नाही. कुठे चुकतंय?

ओटीजीकर:
तीन ठिकाणी.

पहिलं पाणी. दुधी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यावर पुन्हा अर्धी वाटी दूध. किसात चिमूटभर मीठ घालून दहा मिनिटं ठेवा, मग पंचात बांधून पिळा. (सोलापुरी टॉवेल नको, त्याच्या फाशांत कीस अडकून बसतो आणि दोऱ्या केकात येतात.) ३०० ग्रॅमचा साधारण १८० ग्रॅम कीस उरला पाहिजे. दूध बाजूलाच ठेवा. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट वाटलं तरच दोन-तीन चमचे. पिळलेलं पाणी कणकेत जाईल.

दुसरं, सोडा आणि पावडर दोन्ही दुप्पट. एवढ्या पिठाला पावडर १ चमचा, सोडा अर्धा, तेही सपाट. जास्त झालं की बुडबुडे मोठे होतात, आतला भाग शिजून घट्ट व्हायच्या आधीच फुटतात आणि केक खाली बसतो.

तिसरं, गुळामुळे वरचा रंग लवकर चढतो, आत मात्र कच्चंच असतं. १७० वर ४५ ते ५० मिनिटं, टिन मधल्या खाचेत. रंग चढला की वर फॉइल सैल ठेवा. पहिली ३० मिनिटं दार उघडायचं नाही. सुरीला किसाचा ओला तंतू लागला तर चालेल, पीठ लागलं तर आणखी पाच मिनिटं.

भाकरतुकडा:
ज्वारी निम्मी घेतलीत तिथेही गडबड आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही, मग फुगलेला केक धरून ठेवायला काही उरत नाही. १५० गहू आणि ५० ज्वारी, त्यापुढे जाऊ नका. मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी! ती भाकरीला ठेवा. गव्हाचं पीठही मैद्याच्या चाळणीने चाळा, कोंडा वर राहू द्या.

परसातला:
केकाच्या आधी एक महत्त्वाचं. प्रत्येक दुधीचा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसलेल्या वेलाची फळं कडू निघू शकतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंडीचं काय होतं ते सांगायला नको. तो कडूपणा विषारी असतो, शिजवून जात नाही. उलट्या, जुलाब, प्रसंगी रक्ताची उलटी होते. भाजीत कडू कळतं तरी. केकात गूळ आणि वेलची ते झाकतात, म्हणून इथे जास्त जपायचं. चव मोठ्यांनीच बघा, पोरांना किसायला द्या ते नंतर.

गच्चीवरचा वेल:
पीठ, सोडा, पाणी, सगळंच कळलं. अजून दोन शंका. वीज गेली तर कढईत होईल का? आणि सकाळची शाळा असते, तर डब्यात गरमच भरू का?

ओटीजीकर:
कढईत होतो. जाड बुडाची जुनी कढई, तळाशी बोटभर मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग टिन ठेवा आणि आच बारीक. ५५ मिनिटं धरून चाला. वरून रंग येणार नाही, तो येईपर्यंत थांबलात तर तळ करपेल.

गरम भरू नका. स्टीलच्या डब्यात वाफ झाकणाला लागते, थेंब खाली पडतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत वरचा थर चिकट. रात्री करा, जाळीवर पूर्ण गार करा, सकाळी कापा. गरम कापलात तरी चिकटच लागतो, भले आत शिजलेला असो. उन्हाळ्यात बाहेर एकच दिवस. पुढे फ्रिजमध्ये तीन दिवस, ते तुकडे तव्यावर तुपात परता.

भाकरतुकडा:
टिनमध्ये ओतल्यावर वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट दोन चमचे पसरा. दुधीचा हिरवा कीस दिसत नाही आणि चौकशा निम्म्या होतात. वर्गात कुणाला शेंगदाण्याचं वावडं असेल तर तीळ.

गच्चीवरचा वेल:
कुंडीत बीटही तयार आहे. दुधीऐवजी तेच घातलं तर गुलाबी होईल?

परसातला:
सोड्यात बिटाचा रंग तपकिरी होतो. सोडा पूर्ण काढा, पावडर दीड चमचा करा, एक चमचा लिंबाचा रस घाला. तरी भट्टीत रंग थोडा उतरतोच. लालसर मिळेल, गुलाबीचा शब्द पोरांना देऊ नका.