संगणकासमोर मुले बुजतात. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा)
मी सहावी-सातवीला शिकवते. शाळेत सहा संगणक आहेत. इंटरनेट मात्र बेभरवशाचे आहे. घरचा मोबाइल मुले सराईतपणे हाताळतात, पण संगणकासमोर फळ्यावरच्या पायऱ्या तशाच्या तशा गिरवतात आणि जरा काही बिघडले की हात मागे घेऊन माझ्याकडे पाहतात. स्वतःहून काही करून पाहण्याचे धाडस त्यांच्यात कसे येईल?

गणित शिक्षक, सातारा
मॅडम, स्क्रॅच घ्या. यात आदेशांचे ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरच्या मांजराला हलवता येते. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठात तयार होऊन २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ही मोफत प्रणाली एकदा संगणकात उतरवून घेतली की इंटरनेटविना चालते. (मांजराच्या मागे रेघ उमटवणारे पेनचे ठोकळे खालच्या डाव्या कोपऱ्यातील बटणातून आधी जोडून घ्यावे लागतात.) 'शंभर पावले पुढे जा, ९० अंशांत वळ' हे मांजराकडून चार वेळा करून घेतले की चौरस उमटतो. मग समभुज त्रिकोण काढायला सांगा. पुस्तकातला कोन ६० अंशांचा, म्हणून बहुतेक मुले ६० लिहितात आणि आकृती उघडीच राहते. अशा वेळी उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. कोणी तीनऐवजी सहा वेळा करून पाहतो आणि त्याला षट्कोन मिळतो. कोणी उठून फरशीवर स्वतःच चालून पाहते, आणि वळताना आतला नव्हे तर बाहेरचा कोन, म्हणजे १२० अंश, मोजायचा असतो हे तिचे तिलाच उमगते. चुकल्याने यंत्र बिघडत नाही, आकडा बदलून पुन्हा पाहता येते, हे कळले की मुले विचारायला येईनाशी होतात.

शिक्षिका, नाशिक
सरांशी सहमत आहे. मात्र एका संगणकावर चार-पाच मुले बसली की माऊस धीट मुलाच्याच हाती राहतो आणि मुली मागून नुसत्या पाहतात. त्यामुळे एकाने सांगायचे, दुसऱ्याने करायचे आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, असा नियम ठेवावा. आपणही मुलाच्या हातातून माऊस घेऊ नये.

शिक्षक, नागपूर
आकृत्यांवरच थांबलात, तर मुले पुढे तयार खेळांची नक्कल करू लागतात, असे मला वाटते. त्यांच्या घरचा विषय द्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्यांना स्वतः काढलेल्या चित्रांची जोड द्यायला सांगितले, तर कोणालाही दुसऱ्याचे उतरवता येणार नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. या कामाला गुण द्यावेत का?

गणित शिक्षक, सातारा
तयार आकृतीला देऊ नका. आधी काय चुकले होते आणि नेमके काय बदलले, हे मुलाला सांगता येते का, तेवढे वहीत नोंदवा.