मदत हवी आहे : सात महिन्यांच्या पॉइंटर पिल्लासाठी ट्रेनर

इंग्लिश पॉइंटर, मादी, वय सात महिने, मुक्काम बोरिवली. शिकारीसाठी नाही (१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे), पण जात पक्षी शोधून दाखवायची, त्यामुळे नुसतं 'सिट-स्टे' शिकवणारा ट्रेनर पुरत नाही. कबूतर दिसलं की एक पाय उचलून ताठ उभी राहते आणि मग हाक ऐकूच येत नाही.

हवंय ते असं : दहा मीटरच्या लांब दोरीवर रिकॉल (हाक मारताच परत येणं), शिट्टीवर थांबणं, कॅनव्हासची डमी (पक्ष्याऐवजी फेकायची गुंडाळी) आणून हातात देणं. पक्के दात नुकतेच येऊन संपलेत, म्हणून डमी तोंडातून ओढून घेणारा नको. त्याने कुत्रा वस्तू आवळून धरायला शिकतो. शॉक कॉलरने सुरुवात करणाराही नको. पक्षी दिसताच झटका बसला तर कुत्रा पक्ष्याचीच धास्ती घेऊ शकतो. आवाजाची सवय लांबून, खाताना, हळूहळू लावणारा हवा. दिवाळी तोंडावर आहे, एकदा फटाक्याला बिचकली की महिने वाया.

'कुत्रा महिनाभर ठेवून जा' हा प्रकार शक्यतो नको. तिथे शिकलेलं घरी मालकाच्या हाती बरेचदा टिकत नाही.

विचारायचं हे : पश्चिम उपनगरात असं काम करणारं कोणी आहे का? त्यांच्या शिकवणीचा एखादा तास आधी नुसता बघू देतात का? आणि सराव कुठे घेतात? आरे कॉलनी पहाटे नको, बिबट्या आहे.