प्रति: मायटर स्लेडचा ४५ अंश जुळत नाही

मायटर स्लेड म्हणजे टेबल सॉवर सरकवून पट्ट्यांची टोकं ४५ अंशांत कापायची फळी. तिचा कोन जुळत नाही, या प्रश्नावर वरच्या उत्तरात म्हटलंय की डिजिटल अँगल गेज (कोन मोजायचं साधन) घेऊन दोन्ही फेन्स (पट्टी टेकवायच्या आधारपट्ट्या) पात्याशी अचूक ४५ अंशांत बसवाव्यात. चूक नाही, पण उलट्या टोकाने सुरुवात होते. चौकटीला आठ काप लागतात; प्रत्येकात पाव अंश चुकला तरी चौथ्या कोपऱ्यापर्यंत २ अंशांची फट जमते. त्यापेक्षा दोन फेन्स एकमेकींशी चांगल्या गुण्याने (सुताराच्या काटकोनी मापपट्टीने) काटकोनात पक्क्या करा. मग पात्याशी एक ४५.३ आणि दुसरी ४४.७ झाली तरी बेरीज ९०च राहते आणि कोपरा मिटतो. अट एवढीच, की जोडातली एक पट्टी डाव्या फेन्सवर कापायची आणि तिची जोडीदार उजव्या.

अर्थात फुकट काही नाही. ४० मिमी रुंद पट्टीत एवढ्या फरकाने दोन कापांच्या लांबीत अर्ध्या मिमीहून थोडा जास्त फरक पडतो. सपाट पट्टीत तो घासून जातो, नक्षीच्या पट्टीत मात्र रेषा चुकलेली दिसते. तिथे अँगल गेज काढावंच लागतं. आणि कोन कितीही बरोबर असला तरी समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नसतील तर फट राहणारच, म्हणून स्टॉप ब्लॉक (पट्ट्या सारख्या लांबीच्या कापायला टोक अडवणारा ठोकळा) आधी बसवा. त्याचा खालचा कोपरा थोडा तासून ठेवा, नाहीतर भुसा अडकून माप फसतं.